निळ्या रेषेवरची नोकरी

मला हे कितपत नीट आठवतंय याची खात्री नाही, पण आमच्या खैरमाळ गावात उन्हाळा शिरू शकत नसे, कारण नगरपरिषदेच्या आइस हॉकी संघाचे बचावपटू शेषराव बारापात्रे त्याला निळ्या रेषेवर अडवून धरत. सालाबद्दल माझी चूक होईल. एखाद्या नावाबद्दलही होईल. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, त्यात स्वतःच्या आठवणीवर विसंबायची सवय गेली, ती परत आली नाही. उन्हाळ्याबद्दल मात्र बहुधा चूक नाही, कारण वैशाखात मी स्वेटर घालून कॉलेजात जात असे.

शेषराव फौजेत होते. लेहला असताना तिथल्या गोठलेल्या तळ्यावर ते हा खेळ शिकले. काठीनं रबरी चकती ढकलत नेऊन समोरच्यांच्या गोलात घालायची, असा हा खेळ आहे. बचावपटूनं चकती आणि ती आणणारा माणूस, दोघांनाही मागे जाऊ द्यायचं नसतं. पेन्शन घेऊन गावी आल्यावर एका फाल्गुनात त्यांनी बाजाराच्या मैदानावर चार लोकांना हे समजावून सांगायचं ठरवलं. या खेळात बचावाची हद्द निळ्या रेषेनं दाखवतात, म्हणून धोब्याकडून नीळ आणून त्यांनी मैदानात आडवी रेष मारली आणि काठी घेऊन, स्टेशनकडे तोंड करून, तिच्यावर उभे राहिले. आमच्याकडे उन्हाळा स्टेशनच्या बाजूनं येतो. त्या वर्षी तो रेषेपर्यंत आला आणि थांबला.

पहिल्या वर्षी शेषरावांच्या मागे नुसता गारवा होता. पण थंडीला जायला कारण उरलं नाही, म्हणून ती साठत गेली, आणि दुसऱ्या वर्षी मैदानावर सोडलेलं पाणी गोठलं. नगराध्यक्ष मोतीरामजी वाघाये व्यवहारी माणूस. त्यांनी लगेच संघ काढला आणि शेषरावांना पगारी बचावपटू नेमलं. नेमणुकीची अट एकच होती: पाठ फिरवायची नाही. पाठ फिरवली की नोकरी गेली. मला संघाचा मानद चिटणीस केलं, कारण मला खेळातलं काही कळत नव्हतं आणि त्यामुळे माझा कुठल्याच खेळाडूशी वाद होण्यासारखा नव्हता.

हिवाळ्यात रजा द्यावी असं एकदा ठरलं होतं, पण बोरनदी गावाचा संघ हिवाळ्यातच खेळायला येई. म्हणून शेषराव बारा महिने रेषेवर असत. जेवण घरून, म्हणजे मागून, येई. झोपही मागूनच येत असावी, कारण तिला कधी अडचण झाली नाही. वयसुद्धा समोरून येत नसल्यामुळे इतरांसारखंच वाढत होतं.

मैदानाचा पलीकडचा अर्धा भाग मातीचाच राहिला. पाहुणे खेळाडू चपला घालून रेषेपर्यंत येत, बसून स्केट बांधत, उभे राहत, आणि तिथेच थांबत. आम्ही एकही सामना हरलो नाही. बरेचसे बरोबरीत सुटले, कारण आमचे खेळाडू बर्फाबाहेर पडले की मातीत रुतत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. शेषरावांच्या मागून पुढे जाणाऱ्याला काहीच होत नसे. पुढे गेलेला आपला माणूस परत मागेही येऊ शके, कारण बचावपटू स्वतःच्या संघाला अडवत नाही. गावकरी स्टेशनवर जात, तूरडाळ, टपाल घेऊन परत येत. अडत असे ते परक्याचं. आणि यात शेषरावांची इच्छा चालत नसे. त्यांचा सख्खा साळा कामठीहून भेटायला आला, तो उन्हात रेषेपलीकडे बसून राहिला, तिथेच चहा प्याला, तिथूनच परत गेला. “भाऊजी, ओळख तरी द्या,” तो म्हणाला. शेषरावांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण साळ्याचं पाऊल रेषेवर पडत नव्हतं.

बोरनदीच्या संघात मुरलीधर हेडाऊ नावाचा आघाडीचा खेळाडू होता. तो मोठ्या वेगानं येई आणि शेषरावांसमोर नाकासमोर नाक येईल असा थांबे. मग करण्यासारखं काही नसल्यानं तो शेषरावांच्या खांद्यावरून पलीकडे बघे. पलीकडून त्यांची मुलगी कुंदा डबा घेऊन येत असे. असे दोन हिवाळे गेले.

तिसऱ्या हिवाळ्यात तो सामना चालू असतानाच म्हणाला, “मामाजी, मी दरवेळी इथपर्यंतच येतो अन् इथूनच परत जातो. आता तुम्हीच काहीतरी सांगा.”

“मामाजी कोण?” शेषरावांनी विचारलं, कारण आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात.

“अजून कोणी नाही,” मुरलीधर म्हणाला. “पण सवय करून राहिलो.”

कुंदाचा होकार होता. स्थळही समाजातलं होतं. अडचण पुढे आली ती नगरपरिषदेच्या बैठकीत. बैठक मैदानावर, शेषरावांच्या पाठीमागे, सतरंजी घालून झाली, म्हणजे त्यांना ऐकू येईल. मोतीरामजी म्हणाले, “लग्न झालं की पोरगी बोरनदीची. मग ती माहेरी येईन कशी?”

हा प्रश्न आमच्या गावात पहिल्यांदाच आला होता, कारण रेषेमागे सतत पौषासारखीच थंडी असे, पौषात लग्न लावायचं नसतं म्हणून भटजी मुहूर्त काढून देत नसत, आणि मुली तशाच राहिल्या होत्या.

कुंदाची आई कौसल्याबाई म्हणाल्या, “माही पोरगी बाळंतपणाले कुठं जाईन? दवाखाना तर आपल्याकडं.”

मी उभा राहिलो. मी म्हणालो की विवाहित मुलगी एकाच वेळी दोन्ही घरांची असते असं मानायला तार्किक अडचण नाही, आणि तसा ठराव करता येईल.

“सर,” मोतीरामजी म्हणाले, “दोन्हीकडून खेळणारा खेळाडू तुम्ही कुठं पाहिला?”

मी बसलो. मला तेव्हाही वाटलं की माझ्या मांडणीत कुठेतरी भोक आहे, पण ते मला सापडलं नाही.

“शेषरावजी, तुमचं काय म्हणणं?”

“माह्या हातात असतं,” शेषराव स्टेशनकडे बघतच म्हणाले, “तर साळ्याले उन्हात बसवलं असतं का?”

मग कुंदा स्वतः उठली आणि वडिलांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. “बाबा, मी जाऊ का?”

“पुढं जाणाऱ्याले मी कधी अडवलं?” शेषराव म्हणाले.

“परत येता नाही आलं तर?”

शेषरावांनी काठीची पकड बदलली. “ठीक आहे,” ती म्हणाली. “मी जाते. पण येणार मी. कशी येईन ते तुम्ही पाहा.”

लग्न वैशाखात झालं, रेषेपलीकडे, मातीवर. भटजींनी निळीची रेष नीट तपासून पाट तिच्यापासून दूर मांडले. सीमांतपूजन मात्र रेषेवरच झालं, आणि त्यापेक्षा योग्य जागा मी अजून पाहिलेली नाही. मुरलीधर पलीकडेच, रेषेशी पाय करून बसला, शेषरावांनी जागेवरून वाकून त्याचे पाय धुतले. मग कुंदा शालू सावरत वडिलांच्या डाव्या अंगानं निघाली आणि पुढे गेली. बर्फावरून उन्हात पाऊल पडताच तिनं शाल काढून मागे न बघता आईकडे फेकली. शाल शेषरावांच्या अंगावर आली आणि पुढच्याच बाजूला पडली. शेषरावांनी संपूर्ण लग्न समोरून पाहिलं. मुलीच्या बापाला इतकी चांगली जागा सहसा मिळत नाही.

त्यानंतरचं वर्ष अवघड गेलं. दिवाळीला कुंदा आली आणि रेषेपलीकडे बसली. कौसल्याबाई इकडून चिवडा, अनारसे, भाजीचा डबा देत. ताट पुढे जाई, पण कुंदाच्या हातचं रिकामं ताट परत येत नसे. त्या वर्षात कौसल्याबाईंच्या घरातली भांडी बरीच कमी झाली. कुंदा ती सगळी घासून रेषेपाशी रचून ठेवायची, मग कोणीतरी गावकरी जाऊन घेऊन यायचा. भांडी परत आली याचा मोतीरामजींनी अर्थ असा काढला की भांडी आपली आहेत.

पुढच्या वैशाखात कुंदा बाळंतपणासाठी निघाली. बोरनदीच्या सुईणीनं मूल आडवं आहे असं सांगितलं होतं आणि दवाखाना गाठा म्हणून बजावलं होतं. जवळपासचा दवाखाना एकच, आमच्या पोस्टामागचा. मुरलीधरच्या आमराईतले आंबे उतरायला आले होते म्हणून तो मागे राहिला, संध्याकाळी येतो म्हणाला. कुंदा सासूबरोबर दुपारच्या पॅसेंजरनं आली. गाडीतच कळा सुरू झाल्या होत्या. हमालांनी तिला मैदानापर्यंत आणलं आणि निळीच्या रेषेपाशी उभं केलं.

ती पाऊल उचलत होती. पाऊल तिथेच पडत होतं.

आम्ही सगळे इकडे जमलो होतो. डॉक्टरीणबाई गावकरी होत्या, त्या पलीकडे जाऊ शकल्या असत्या आणि गेल्याही. पाहून त्या म्हणाल्या, “इथं उन्हात मातीवर मी हिचं पोट कापू शकत नाही. हिला आत घ्या.”

“आत घ्या म्हणजे कसं घ्या?” मोतीरामजींनी विचारलं.

“ते मी कसं सांगू? मी डॉक्टर आहे.”

कौसल्याबाई नवऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. इतक्या हळू बोलल्या की मी जवळ होतो म्हणूनच मला ऐकू आलं. “अहो,” त्या म्हणाल्या, “तिनं सांगितलं होतं, कशी येईन ते तुम्ही पाहा म्हणून.”

“शेषरावजी,” मोतीरामजी म्हणाले, “अट ध्यानात ठेवा. सगळं गाव तुमच्या मागं आहे.” आणि हे खरंच होतं.

यापुढचं मला नक्की सांगता येत नाही. मी रेषेला लागून उभा होतो, पलीकडची गरम हवा माझ्या थंड चष्म्यावर आली आणि काचा धुरकटल्या. त्या धुरकट काचेतून मला वाटलं की शेषरावांची पाठ, जी मी इतकी वर्षं पाहत होतो, ती दिसेनाशी झाली आणि तिथे चेहरा आला. ते आमच्याकडे बघत होते. स्केट बर्फावर घासल्याचा आवाज झाला, मग पुन्हा एकदा झाला. मी चष्मा काढून स्वेटरला पुसला आणि परत घातला. शेषराव स्टेशनकडे तोंड करून उभे होते. कुंदा अलीकडे होती, आईच्या हातात. डॉक्टरीणबाई पळत मागून येत होत्या.

मुलगी झाली. दोघीही सुखरूप होत्या.

मोतीरामजींनी दुसऱ्या दिवशी चौकशी ठेवली. त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, शेषरावजींनी पाठ फिरवली का? सगळे म्हणाले, आम्ही कुंदाकडे बघत होतो. कुंदा म्हणाली, माझे डोळे मिटले होते. शेषरावांच्या विहीणबाई त्या वेळी त्यांच्या अगदी समोर होत्या, म्हणून त्यांना रेषेपलीकडून विचारलं.

“एकाएकी गारठा वाजला बाप्पा,” त्या म्हणाल्या, “म्हणून मी पदर तोंडावरून घेतला. अन् मी व्याह्यांच्या पाठीकडं कशाले पाहू?”

“गारठा तर लागणारच,” मोतीरामजी म्हणाले. “रेष जवळ आहे.”

माझी पाळी आली तेव्हा मी खरं ते सांगितलं. मी पाहिलं असं मला वाटतं, पण माझा चष्मा धुरकट होता, आणि धुरकट चष्म्यातून पाहिलेल्यावर मी स्वतः विद्यार्थ्याला विश्वास ठेवू दिला नसता.

“म्हणजे पाहिलं नाही,” मोतीरामजी म्हणाले आणि ठराव मांडला की लग्न झालेली मुलगी आपलीच. तो एकमतानं मंजूर झाला. पुढच्या काही वर्षांत त्या ठरावाच्या भरवशावर गावातल्या आणखी मुलींची लग्नं रेषेपलीकडे लागली. त्या माहेरपणाला आल्या आणि रेषेवर अडल्या. ठराव कोणी रद्द केला नाही, पण त्याचा उल्लेखही करणं सोडलं. शेषरावांना कोणी विचारलं नाही. मीही नाही. मला वाटे, ते नाही म्हणाले तर माझं डोकं बिघडलंय असं ठरेल, आणि हो म्हणाले तर त्यांची नोकरी जाईल.

शेषराव वय झाल्यावर नियमाप्रमाणे निवृत्त झाले. त्यांच्या विरुद्ध एकही गोल झाला नव्हता. सत्काराचा हार गळ्यात पडताच ते रेषेवरून बाजूला झाले, आणि उन्हाळा आत आला. अडलेल्या मुलीही आल्या. कौसल्याबाईंनी पहिल्याच दुपारी कुरडया वाळत घातल्या. संघ बरखास्त झाला. शेषराव नंतर बरीच वर्षं जगले, ओसरीवर बसून असत, आणि समोरून कोणी आलं की आधी थोडे सावध होत.

त्यांच्या माघारी, कुंदाच्या त्या मुलीच्या लग्नाला मी बोरनदीला गेलो. जेवणं झाल्यावर मुरलीधर मला घरामागचं रान दाखवायला घेऊन गेला. झाडं तरुण दिसत होती. मी म्हणालो, तुमची आमराई तर जुनी होती ना?

“ते कलमं नंतरची, सर. जुनी आमराई एका दुपारीच गेली. हिचा जन्म झाला त्या दुपारी.”

“कशानं?”

“गारांनी. भर वैशाखात. आभाळ मोकळं, अन् लिंबाएवढ्या गारा.” तो हसला. “मामाजींना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, नुकसान किती झालं ते सांगा, भरून देतो. मी म्हटलं, तुम्ही कशाले द्याल?”

मी त्यावर विसंबलो नाही. परतीच्या वाटेवर मध्ये लागणाऱ्या तिन्ही गावांत उतरून म्हाताऱ्या माणसांना विचारलं. ती दुपार सगळ्यांच्या लक्षात होती. आमच्या मैदानावर साठलेली थंडी बाहेर पडावी तशा, आमच्या स्टेशनापासून बोरनदीपर्यंत गारा पडल्या होत्या.