मागचं बटण

सासऱ्यांचा कॉम्प्युटर सुरू होत नसल्याची बातमी जावयाला त्याच्या बायकोने रविवारी सकाळी दिली, आणि तीही डोळ्यांत पाणी आणून.

"अगं, कॉम्प्युटर बंद पडला म्हणून कोणी रडतं का?"

"कॉम्प्युटरचं नाही रे. बाबांनी स्वतः फोन केला. म्हणाले, 'जावयांना पाठव.' लग्नाला वर्ष होत आलं, ते तुझ्याशी हवापाण्यापलीकडे कधी काही बोललेत?"

बोलले नव्हते, हे खरं. सासरे आयुष्यभर वीज कंपनीत वायरमन होते. खांबावर चढलेला माणूस खाली उभ्या असलेल्यांशी जेवढं बोलतो, तेवढंच ते घरातही बोलत. जावई गेला की "या, बसा," म्हणत आणि तो बसला की वर पंख्याकडे बघत राहत. जावईही खुर्चीच्या कडेवर टेकून तोच पंखा बघे. आपण या माणसाला पसंत नाही, अशी खूणगाठ त्याने मनाशी बांधून टाकली होती. आज ती सुटली तर सुटणार होती. आणि बायकोची दवाखान्यात ड्यूटी असल्यामुळे जायचं होतं एकट्यालाच.

अडचण एवढीच, की सासरी सगळे त्याला कॉम्प्युटरचा डॉक्टर समजत असले, तरी तो एका कंपनीच्या मदतकेंद्रात फोन घ्यायचा. "सर, मशीनच्या मागचं छोटं बटण चालू आहे का, तेवढं बघता का?" हे वाक्य तो दिवसभर म्हणे आणि निम्म्या लोकांचं काम तेवढ्यावर भागे. उरलेल्यांना काय उघडा, काय पुसा, हे तो पाठ केल्यासारखं सांगे. स्वतःच्या हाताने मात्र त्याने आजवर एकही मशीन उघडलं नव्हतं.

सासरे दारातच टॉर्च घेऊन उभे होते.

"या," ते म्हणाले. आज पुढचं 'बसा' नव्हतं.

कॉम्प्युटरचा डबा आतल्या खोलीत, टेबलाखाली भिंतीला चिकटून होता. जावई गुडघ्यांवर बसतोय तोच सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, साधं बटण-बिटण बघितलंत का नीट?"

"सगळं आयुष्य विजेत गेलं माझं!" सासरे कडाडले. "मला बटणं शिकवतेस? वीज बरोबर येतेय. दोष आतच आहे."

जावयाने टेबलाखाली डोकं घातलं, सवयीने डब्यामागे हात नेला आणि बोट नेमकं त्या छोट्या बटणावर पडलं. बटण बंद होतं.

बटण दाबलं असतं तर कॉम्प्युटर सुरू झाला असता आणि नुकतेच कडाडलेले सासरे बायकोसमोर तोंडघशी पडले असते. वर्षभराने माणसाने हाक मारावी आणि आपण त्याची शोभा करून घरी जावं? छे! बटण गुपचूप दाबायचं आणि दुरुस्ती आतली दाखवायची, असं त्याने ठरवलं.

पण सासरे जागचे हलतील तर ना! ते स्टूल ओढून शेजारीच बसले आणि टॉर्चचा झोत त्यांनी थेट जावयाच्या हातावर धरला.

"बाबा, बारीक स्क्रूड्रायव्हर आणता का?"

"अगं ए, बारीक स्क्रूड्रायव्हर!" सासऱ्यांनी बसल्या जागेवरून आवाज दिला. सासूबाई घेऊन आल्या.

"खोडरबरही लागेल."

"अगं ए, खोडरबर!"

"एक ब्रश मिळाला तर..."

"अगं ए!"

मागितलेल्या वस्तू वापरणं आता भाग होतं. जावयाने देवाचं नाव घेऊन डब्याची बाजू उघडली. मेमरीची पट्टी काढताना त्याला इतकी खटपट करावी लागली, की फोनवर आपण लोकांना 'हलक्या हाताने काढा' म्हणतो, त्याबद्दल त्याने मनोमन सगळ्यांची माफी मागितली. पट्टी खोडरबराने पुसायला घेतली आणि शेजारून आवाज आला.

"तुमची बायको लहानपणी अंधाराला फार भ्यायची."

जावई थबकला. हवापाण्यापलीकडचं हे पहिलं वाक्य होतं.

"वीज गेली की रडून घर डोक्यावर घ्यायची. मग झोप लागेपर्यंत मी भिंतीवर उजेड धरून बसायचो. एक हात दुखला की दुसरा." सासऱ्यांनी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. "आता लोकांच्या आजारपणात रात्र रात्र जागते. नवल वाटतं."

"घरी मात्र अजून दिवा लावूनच झोपते," जावई म्हणाला.

सासरे चक्क हसले. मग खांबावरच्या गमती निघाल्या, पहिल्या पगारातला पहिला रेडिओ निघाला. जावयाला हे सगळं संपूच नये असं वाटत होतं, पण बटण अजून बंदच होतं. त्याने पट्टी बसवली आणि ब्रशने धूळ झटकली. तेवढ्यात सासऱ्यांनी डोळे घट्ट मिटले आणि एक दणदणीत शिंक दिली. मग दुसरी. मग तिसरी, चांगली लांबलचक. जावयाने संधी साधून मागचं बटण दाबलं.

"आता लावून बघू," तो ऐटीत म्हणाला आणि त्याने पुढचं बटण दाबलं.

काहीही झालं नाही.

आता मशीन खरोखर बिघडलं होतं, आणि तेही जावयाच्या हातून. शेवटी त्याने नाइलाजाने आपल्याच मदतकेंद्राला फोन लावला. हात धुळीने भरलेले होते, म्हणून स्पीकर चालू ठेवला.

"नमस्कार सर," ऑफिसात त्याच्याच शेजारी बसणारी मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मशीनच्या मागचं छोटं बटण चालू आहे का, तेवढं बघता का?"

"चालू आहे, चालू आहे!" सासरे घाईघाईने ओरडले. "पुढचं सांगा!"

"मग पुढच्या बटणाची आतली वायर निसटलीय का बघा, सर."

दोघांची डोकी एकदमच डब्यात शिरली आणि एकमेकांवर आपटली. वायर खरंच लोंबकळत होती.

"अरे, ही बघ!" सासरे कपाळ चोळत म्हणाले. "तू लाव. माझी बोटं जाडी. मी उजेड धरतो."

वायर बसली. डब्यातला पंखा घरघरला, पडदा उजळला आणि दोघांनी असा जल्लोष केला, की सासूबाई हातातली कपबशी घेऊन धावत आल्या. नंतर चहा झाला, जेवणही झालं. जावई खुर्चीत पार मागे रेलून बसला होता आणि पंख्याकडे कोणीच बघत नव्हतं.

निघताना सासरे रस्त्यापर्यंत सोडायला आले. भर उन्हात टॉर्च अजून त्यांच्या हातातच होता.

"पुढच्या रविवारी प्रिंटर बंद पडेल, असं वाटतंय," ते म्हणाले.

"का? काय होतंय त्याला?"

"अजून काही नाही." सासऱ्यांनी घसा साफ केला. "मला नुसतं बसून बोलता येत नाही रे. हातात काम असलं की येतं. तुला बोलवायचं तर काही कारण हवं, म्हणून ते मागचं बटण मीच बंद करून ठेवलं होतं. पण हिने नेमकं बटणाचंच विचारलं, मग मला आवाज चढवावा लागला. आणि तू! बोट ठेवलंस तरी दाबेचना."

जावई बघतच राहिला. "म्हणजे, बाबा... ती शिंक?"

"मग काय करणार? तीन शिंका द्याव्या लागल्या, नाक दुखलं माझं." त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. "प्रिंटर मात्र नीट विचार करून बिघडवतो. दिवसभर पुरेल असा."