टोपी अक्का आणि पापड

ऐन एप्रिलात माकडटोपी घालून बाल्कनीतून बाहेर पडणारी पंधरा वर्षांची मुलगी तुमच्या घरात नसेल, तर माझ्या मनाचा गोंधळ तुम्हाला समजणं अवघड आहे. आमच्या घरात ती आहे. सानिका, माझी भाची. तिचे आईवडील कामानिमित्त दोन वर्षांसाठी परदेशी गेले आणि दहावीचं वर्ष म्हणून तिला व्हाइटफील्डला आमच्याकडे ठेवून गेले. जाताना बहिणीनं सांगितलं, "दादा, तिला भेंडी आवडत नाही." बाकीचं तिलाही माहीत नव्हतं.

बाकीचं आम्हाला पहिल्या आठवड्यात कळलं. सानिकानं चहाचा कप उचलला आणि कान तिच्या हातात राहिला. दुसऱ्या दिवशी नळाची चावी हातात आली. तिसऱ्या दिवशी फ्रिजखाली गेलेला खोडरबर काढायला तिनं फ्रिज उचलला, एका हातानं. दुसऱ्या हातात भूगोलाचं पुस्तक होतं. मी तिला म्हणालो, "गुडघ्यातून वाक, नाहीतर लचक भरेल." अशा प्रसंगी मामानं काय बोलायचं असतं, हे मला अजून सापडलेलं नाही.

ती उडते की नुसती उडी मारते, हेही मला नीट ठाऊक नाही. विचारलं तर म्हणते, "मामा, डिपेंड्स." तोंडात टूथपेस्ट असो नाहीतर पोळीचा घास, बाहेर कुठे आरडाओरडा ऐकू आला की ती एवढंच म्हणते, "मामा, एक मिनिट हं." मग माझी मरून रंगाची माकडटोपी खुंटीवरून गायब होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत तुळस तेवढी हलत राहते. ती टोपी मी पुण्याहून आणली होती. इथल्या रिक्षावाल्यांत तिला आता माझ्यापेक्षा जास्त मान आहे. ते सानिकाला 'टोपी अक्का' म्हणतात. चाळिशीतली माणसं पंधरा वर्षांच्या पोरीला अक्का म्हणतात आणि मला सतरा वर्षं इथे राहूनही कानडी येत नाही म्हणून मीटरवर नेत नाहीत.

एकदा ऑफिसात मला तिचा फोन आला. के. आर. पुरमजवळ तिनं एका बाईची पर्स ओढणारा मोटारसायकलवाला पकडला होता. म्हणजे त्याच्या गाडीचं मागचं चाक उचलून ती उभी होती आणि तो बिचारा हवेत ॲक्सिलरेटर पिळत होता.

"मामा, याचं काय करू? पावणेबाराला बीजगणिताची चाचणी आहे."

मी थोडा विचार केला आणि म्हणालो, "मामीला विचार."

मामी, म्हणजे आमची मंजू, घरातली एकमेव न गोंधळणारी व्यक्ती. तिनं चोराला जवळच्या रिक्षावाल्यांच्या ताब्यात द्यायला सांगितलं आणि डबा खाल्लास का, असं विचारलं. सानिकाच्या हातांवरचा इलाजही तिनंच काढला. रोज जेवताना तळलेल्या पापडांचं ताट ती सानिकापुढे ठेवायची. एकेक पापड उचलून प्रत्येकाच्या पानात वाढायचा, अख्खा. पहिला महिनाभर आम्ही चुरा खाल्ला. मंजू त्यात कांदा आणि तिखट घालून "असाच चांगला लागतो" म्हणायची. पुढे अर्धे पापड यायला लागले. दिवाळीनंतर एकदा अख्खा आला, तेव्हा मी तो खाल्लाच नाही, नुसता बघत बसलो.

पण माणसांना हात लावायची तिची हिंमत होत नव्हती. वाढदिवसाला नमस्कार केला तोही हातभर अंतरावरून. शाळेत मुली एकमेकींच्या गळ्यात हात टाकून चालायच्या आणि ही दप्तराचे पट्टे धरून मागून. त्यात गटाचा प्रकल्प ऐन रंगात आला की ही "एक मिनिट हं" म्हणून नाहीशी व्हायची. कोणाला ही कामचुकार वाटायची, कोणाला शिष्ट.

शाळेत द्यायच्या चिठ्ठ्या मी लिहायचो. माझ्या चिठ्ठ्या खऱ्या मानल्या, तर या मुलीच्या तोंडात आता एकही दात उरलेला नाही. पालकांच्या ग्रुपवर बाईंचे प्रश्न यायला लागले, तेव्हा मी शूरपणे तो ग्रुप म्यूट करून टाकला.

मग दीक्षाचा वाढदिवस आला. दीक्षा सानिकाच्या वर्गातली, समोरच्याच इमारतीत बाराव्या मजल्यावर राहणारी. रविवारी दुपारी तिच्या बाल्कनीत फुगे लागले. वर्गातल्या मुली नटूनथटून गेटातून येत होत्या. सानिका आमच्या बाल्कनीत गणिताचं पुस्तक घेऊन बसली होती. तासाभरात पान उलटलं नव्हतं.

"तुला नाही बोलावलं?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायचा नसतो, हे मला मंजूच्या डोळ्यांवरून कळलं.

"मला गणित आहे," सानिका म्हणाली.

तेवढ्यात समोरून ओरडा ऐकू आला. लिफ्ट अडकली होती आणि आत सात मुली होत्या. "मामा, एक मिनिट हं." तुळस हलली.

परत आली तेव्हा तिच्या हातात कागदी रुमालात गुंडाळलेला केक होता. तिनं लिफ्टचं दार उघडून धरलं होतं आणि एकेक जण बाहेर पडली होती. मुलींनी तिच्याबरोबर फोटो काढले, थांब म्हणून आग्रह केला.

"त्यांनी मला केक दिला," ती म्हणाली. "म्हणजे मला नाही. टोपीला."

लिफ्टचं काय झालं ते बघावं म्हणून सोसायटीचा ग्रुप उघडायला गेलो आणि नेहमीच्या गोंधळात शाळेचा उघडला. दीक्षाच्या आईचा निरोप आठ दिवसांपूर्वीचा होता: सगळ्यांनी यायचं. परवा दुसरा: सगळ्यांचं उत्तर आलं, फक्त सानिकाच्या घरून नाही, दीक्षा रोज विचारते आहे.

चोरासारखा मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं तो निरोप दोनदा वाचला. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

"ती रोज विचारत होती?" एवढंच म्हणाली आणि आरशासमोर गेली. चोराला पकडायला तिला चार मिनिटं पुरतात. टोपीनं चपटे झालेले केस आणि कपाळावरची पुटकुळी यांना पंचवीस लागली.

लिफ्ट बंदच होती. एका उडीत वर जाता आलं असतं, पण ती माझ्याबरोबर बारा मजले चढली, मी दर दोन मजल्यांनी पायरीवर बसत होतो तेव्हा थांबत. दारापाशी मात्र तिचं पाऊल पुढे पडेना. आतून हसण्याचे आवाज येत होते.

"मामा, बेल तू वाजव ना."

"का गं? बटण तुटेल म्हणून?"

"नाही. आत गेल्यावर काय बोलू?"

मला तरी कुठे माहीत होतं? मी बेल वाजवली. आतून "बंदे, बंदे", म्हणजे "आले, आले", म्हणत कोणीतरी येऊ लागलं आणि सानिकानं माझा हात धरला. मी डोळे मिटून घेतले. या बोटांनी लिफ्टचं दार उघडलेलं होतं.

काहीच मोडलं नाही. भरल्या ताटातून अख्खा पापड उचलावा, तसा तिनं माझा हात धरला होता, आणि दार उघडेपर्यंत सोडला नाही.