बटणाला स्केल मिळालं

पाणीपुरवठा कार्यालयाच्या वेबसाइटवरचं ‘तक्रार नोंदवा’ हे बटण फार लहान आहे, अशी तक्रार कार्यालयाकडे आली. ती पोस्टानं आली, कारण तक्रारदाराला बटण सापडलं नव्हतं. कार्यालयानं ती गांभीर्यानं घेतली, म्हणजे तिच्यावर तीन शिक्के मारले आणि ती वेबवाल्याकडे पाठवून दिली.

वेबवाला तिथे सहा वर्षं कंत्राटावर होता. दर अकरा महिन्यांनी त्याला एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं कामावर घ्यायचे, म्हणजे त्याची सेवा सलग आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. यंदा मात्र एक कायम पद मंजूर झालं होतं. एकच, आणि वर्ष संपायच्या आत भरलं नाही तर रद्द होणारं. वेबवाल्याचा अर्ज आस्थापना शाखेत होता आणि त्याचा जीव त्या अर्जात होता. त्याचे सासरे चारचौघांत ‘आमचे जावई कार्यालयात असतात’ एवढंच सांगायचे. ‘नोकरीला आहेत’ हे शब्द त्यांनी जावई कायम होईपर्यंत राखून ठेवले होते, आणि ते त्याला फार लागायचं.

“बटण मोठं करा,” साहेब म्हणाले. “पण पान हलता कामा नये. बटणाखाली माझा फोटो आहे. तो जरा जरी खाली आला तर साहेब घसरले असं दिसेल.”

“उंची-रुंदी वाढवली तर फोटो खाली ढकलला जाणारच, साहेब,” वेबवाला म्हणाला. “पण पान कसं दिसावं हे ठरवणाऱ्या स्टाइलशीटमध्ये एक सोय असते. तिला स्केल म्हणतात. स्केल दीड दिलं की बटण दीडपट दिसतं, पण पानावरची त्याची जागा होती तेवढीच राहते. शेजारचे जागचे हलत नाहीत.”

“म्हणजे दिसायला मोठं, पण जागा तीच?”

“हो.”

“आणि कुणालाही सरकावं लागत नाही?”

“नाही, साहेब.”

साहेबांना गहिवरून आलं. “तीस वर्षं मी हेच करत आलो,” ते म्हणाले, “त्याला असं नाव आहे हे आज कळलं. टिपणी सादर करा. आणि मंजुरीची वाट न बघता बटण आजच फुगवा.”

वेबवाल्यानं बटण फुगवलं आणि टिपणी लिहिली: ‘तक्रार नोंदवा या बटणास स्केल १.५ देण्यात यावे. जागेत बदल होणार नाही.’ इथेच घात झाला. त्या कार्यालयात ‘स्केल’ या शब्दाला एकच अर्थ होता, तो म्हणजे पगाराची श्रेणी, आणि ‘जागा’ म्हणजे नोकरीची जागा. आवक कारकुनानं हे दोन शब्द वाचले, मधले वाचायची तसदी घेतली नाही, आणि टिपणी आस्थापना शाखेत धाडली. चौथ्या दिवशी ती आक्षेपांसह परत आली. सदर बटण कोणत्या संवर्गातील आहे? रुजू झाल्याचा दिनांक काय? शारीरिक पात्रतेचा दाखला का जोडलेला नाही?

वेबवाला धावतपळत आस्थापनाबाईंकडे गेला. बाई चष्म्यावरून बघणाऱ्यांपैकी होत्या.

“बाई, अहो, ते बटण आहे.”

“असेल. माझ्या चुलतसासूबाईंचं माहेरचं आडनाव बटाटे होतं. आडनावावरून आपण माणसाला हसू नये.”

“आडनाव नाही हो. खरंखुरं बटण. माणूसच नाही ते.”

“स्केल मागितलंय ना त्यानं? मग माणूस असो की बटण, नियम सगळ्यांना सारखेच. हा नमुना भरा. ही फाइल निकाली निघाल्याशिवाय मला खालच्या फाइलला हात लावता येत नाही.”

खालची फाइल वेबवाल्याची होती. त्यानं मनातल्या मनात अडला हरी ही म्हण पुरी केली आणि नमुना भरायला घेतला. रुजू दिनांक: सहा वर्षांपूर्वीचा, त्याच्याच रुजू होण्याचा. घेतलेल्या रजा: निरंक. शारीरिक पात्रता: दाबल्यास दबते. वर्तणूक: आजवर उलट उत्तर दिलेले नाही. यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि तिथेच तो फसला.

बाईंनी नमुना दोनदा वाचला. “सहा वर्षांत एकही रजा नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “रविवारीसुद्धा हजर. आणि तुमच्या सेवेत बघा, सहा वेळा खंड.”

“खंड तुम्हीच पाडता ना!”

“कोणी पाडला हा रकाना नमुन्यात नाही.”

इकडे वेबसाइटवर वेगळंच घडत होतं. स्केल दिलेली वस्तू मध्यापासून चारी बाजूंना फुगते, आणि तिची जागा तेवढीच राहत असल्यामुळे ती शेजाऱ्याच्या अंगावर जाते. बटणाची खालची कड साहेबांच्या फोटोतल्या कपाळावर आली. साहेबांच्या कपाळी ‘तक्रार’ लिहिलेली साऱ्या शहरानं पाहिली.

“मलाही स्केल द्या,” साहेब कडाडले. “दोन द्या. आणि मला वर घ्या.”

“फोटो वर घेतला तर बटण झाकलं जाईल, साहेब. लोक तक्रारीसाठी बोट ठेवतील आणि ते तुमच्या फोटोवर पडेल.”

“मागून थोडं दिसेल ना?”

“एक काना दिसेल.”

“पुरे! समजणाऱ्याला काना पुरतो. बरं, तुमचा अर्ज माझ्याकडेच सहीला येणार आहे, नाही का?”

आता खरं सांगायचं तर वेबवाल्यानं इथे नाही म्हणायला हवं होतं. त्याला ते कळतही होतं. पण डोळ्यांसमोर सासरे उभे राहिले, ‘असतात’ म्हणताना करतात तसा चेहरा करून, आणि त्यानं साहेबांना दुप्पट केलं.

त्या दिवसापासून तक्रारी आटल्या. पहिल्या आठवड्यात दोन आल्या, दुसऱ्यात एकही नाही. उलट साहेबांच्या फोटोवर बोट ठेवणाऱ्यांची संख्या शेकड्यांनी वाढू लागली. फोटोवर बोट ठेवलं की तो आणखी मोठा व्हायचा आणि खाली ‘भेटीबद्दल आभार’ असं यायचं. वरून कौतुकाचं पत्र आलं: तक्रारी शून्य, साहेबांच्या छायाचित्रास नागरिकांच्या बारा हजार भेटी. साहेब मनानं उदार होते. ते म्हणाले, हे यश माझ्या एकट्याचं नाही, बटण मोठं केल्यापासून हा फरक पडलाय. त्यांनी शिफारस लिहिली, बाईंनी नमुना जोडला, आणि वर्ष संपायला दोन दिवस असताना आदेश निघाला. मंजूर असलेल्या एकमेव कायम पदावर श्री. तक्रार नोंदवा बटण यांची नेमणूक झाली. सदर कर्मचाऱ्यास सही करता येत नसल्यानं हजेरीपत्रकावर सही करण्यासाठी वेबवाल्यास त्यांचा मदतनीस म्हणून अकरा महिने ठेवण्यात आलं.

वेबवाल्यानं आदेश घरी नेला. बायकोनं तो उभ्यानंच वाचला, मग खुर्ची ओढून बसून वाचला, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अरे, तू बटणाच्या हाताखाली?”

“हात नाहीत त्याला.”

“मग बाबांना काय सांगू?”

“सांग, जावयानं एकाला नोकरीला लावलं.”

तिनं हसू आवरलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. “उद्या जा आणि भांड. फोटो काढून टाक, बटण होतं तसं कर. तुझ्याच हातात आहे ना सगळं?”

दुसऱ्या दिवशी तो खरंच भांडायला गेला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. कायम कर्मचाऱ्याच्या आकारात, स्थानात किंवा दिसण्यात कंत्राटी मदतनीसाला फेरबदल करता येत नाही, असं त्यांनी नियम दाखवून सांगितलं.

“मग माझी तक्रार लिहून घ्या.”

“लेखी तक्रारी बंद झाल्या. आता सगळं ऑनलाइन.” बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. “आणि तुमच्या बाबतीत तेच योग्य आहे. तक्रार आपल्या वरिष्ठांमार्फतच यायला हवी.”

वेबवाला तो एक काना नेम धरून दाबायला गेला, आणि नेम जरासा चुकला. साहेब मोठे झाले. खाली आभार आले.

वर्षअखेरच्या अहवालात साहेबांच्या छायाचित्राच्या भेटींचा आकडा बारा हजार चारशे सतरा असा छापला आहे आणि शेजारी ‘नागरिक पूर्ण समाधानी’ असा शेरा आहे. त्यातली एक भेट वेबवाल्याची. बाकीच्या बारा हजार चारशे सोळा जणांत तुम्ही होता. नळाला चार दिवस पाणी नव्हतं तेव्हा तुम्हीही बोट ठेवलं होतं, साहेब मोठे झालेले बघून ‘काय हा प्रकार’ म्हणून हसला होता, आणि पान बंद केलं होतं.