मुदखेडच्या फाटकावर गायब झालेला नवरदेव

मुहूर्त बाराचा आणि अक्षता दोनला, हा आमच्या मराठवाड्याचा रिवाज. मेहुणीच्या लग्नात तो मोडायचाच, असं मी मनावर घेतलं! सासरे शेषेराव रिटायर्ड हेडमास्तर. बाराचं लग्न बाराला लागावं, एवढीच त्यांची इच्छा. आणि मी पडलो लातूरचा सॉफ्टवेअरवाला थोरला जावई!

"मामा, काळजी सोडा," मी म्हणालो. "चाकूर ते मुदखेड, सगळ्या नकाशाचे चौकोन पाडलेत. प्रत्येक चौकोनाला वेळेचे कप्पे, गाडीत जीपीएस. नवरदेवाची गाडी कोणत्या वेळेला कोणत्या चौकोनात, चुटकीसरशी सांगतो!"

"नक्की ना, जावईबापू?"

"अहो, गाडी हरवायची म्हटली तरी हरवणार नाही!"

लग्नाच्या दिवशी मांडवात माइकवाल्याच्या टेबलावरच लॅपटॉप मांडला. विजेचा बोर्ड तिथंच होता. "गाडी अहमदपूरला! गाडी लोह्यात!" मी सांगावं आणि सासऱ्यांनी पाव्हण्यांकडं ऐटीत बघावं.

मुदखेड तोंडावर आलं आणि गाडी गायब! या चौकोनाला विचारलं, नाही. त्या चौकोनाला विचारलं, नाही. मला दरदरून घाम फुटला.

"मामा," मी ओरडलो, "नवरदेव कुठंच नाही!"

माइक चालू होता.

पहिल्या रांगेत त्याचं "नवरदेव दिसंना" झालं, बायकांत "नवरदेव पळाला" झालं, आणि आचाऱ्यापर्यंत बातमी पोचली तेव्हा नवरदेवाचं एक लग्न आधीच झालेलं होतं! आचाऱ्यानं पुऱ्या थांबवल्या. पुनम, म्हणजे नवरी, हमसून रडायला लागली. सासरे मटकन खाली बसले. त्यांचा चेहरा बघून मलाच भडभडून आलं. नवरदेवाला फोन लावावा तर अख्खा मांडवच लावून राहिलेला!

नवरदेवाची आत्या कस्तुराबाई आधीच येऊन बसली होती. ती पदर खोचून उठली. "आमचं लेकरू पळतंय व्हय? पळायचं असतं तर साखरपुड्यालाच पळालं असतं!"

लेकरू बिचारं रेल्वे फाटकावर उभं होतं. मालगाडी जायची होती. माझ्या दोन चौकोनांमधली रेघ नेमकी त्याच फाटकावरून गेलेली. अलीकडची गाडी या चौकोनाची, पलीकडची त्या चौकोनाची. रेघेवरची कुणाची, हे लिहायचंच मी विसरलो होतो! हद्दीवरच्या भांडणात दोन ठाणी करतात तसे दोघांनीही हात झटकले.

फाटक उघडलं, गाडी आली. पण नवरदेव अमरेश उतरेना! ज्यांचा फोन लागला, त्यांनी त्याला विचारलं होतं, "पहिलीला लेकरं किती हायती?"

"ज्यांनी मला हरवलं त्यांनीच येऊन उतरवावं," तो म्हणाला. "न्हाईतर निघालो मी चाकूरला!"

आता माइकवरून माझा पुकारा सुरू झाला. मी तोंड लपवून बसलो होतो. सगळे शोधून दमले. माझी बायको वर्षाराणी मात्र तडक आचाऱ्याच्या कनातीमागं आली आणि मनगटाला धरून मला गाडीपाशी घेऊन गेली. मी हात जोडले. माझ्या हनुवटीवरचा पाक बघून अमरेशला हसू फुटलं आणि तो उतरला. लग्न एकदाचं लागलं. सासऱ्यांनी पुनमला पोटाशी धरलं, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तुला मी सापडलो कसा?" बायकोला नंतर हळूच विचारलं.

"त्यात काय शोधायचंय? जेवायची वेळ झालेली, जिलेबीची कढई चढलेली. तुम्ही दुसरीकडं कुठं असणार, हो?"