प्रल्हादभाऊंचे जवाईबापू

आमचे मालक प्रल्हादभाऊ जगातल्या सगळ्या माणसांना अरे-तुरे करतात. बँकेच्या मॅनेजरला, तहसील कचेरीतल्या बाबूला, स्वतःच्या साडूला, सगळ्यांना. अहो-जाहो फक्त एकाला. एआयला.

त्याला काही विचारायचं असेल तर भाऊ आधी चष्मा पुसतात, खुर्चीत नीट बसतात आणि एका बोटाने टाइप करतात, "आपण कृपया सोयाबीनच्या बिलातील हमाली तपासून पाहावी, ही विनंती." उत्तर आलं की "आभारी आहे" लिहितात. आपापसात बोलताना ते त्याला एआय म्हणत नाहीत. जवाईबापू म्हणतात.

"जवाईबापू काय म्हन्ते ते पाय आधी. मंग तुहं सांग," असं त्यांनी मला कितीदा तरी सुनावलं आहे.

एकदा मी म्हणालो, "भाऊ, हे यंत्र इथं कारंज्यात नाही. कुठल्या तरी दूरच्या देशात आहे."

"दिवानजी, जवाई कधी सासऱ्याच्या घरी राह्यते का? बाहेरगावीच राह्यते," भाऊ म्हणाले.

दिवाणजी म्हणजे मी. कंपनीचे हिशेब पाहतो. कंपनी जुनी आहे. शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या अडत्यांचा कॉम्प्युटर प्रोग्राम आम्ही करतो. बाजारात माल आला, वजन झालं, हमाली कापली, शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी निघाली, एवढं सगळं त्यात होतं. कारंज्यापासून मालेगाव-मेडशीपर्यंत अनेक अडत दुकानांत तो चालतो. प्रोग्राम अडला की अडत्या फोन करतो आणि फोन कुसुमताई घेतात. कुसुमताई कंपनीत माझ्याही आधीपासून आहेत. त्यांना गिऱ्हाइकाचं नाव विचारावं लागत नाही, खोकल्यावरून ओळखतात.

मग पुण्यात एक संमेलन झालं. भाऊ दोन दिवस जाऊन आले आणि आल्याबरोबर सगळ्यांना उभं करून म्हणाले, "आजपासून आपली कंपनी एआयची. जुनं काई ठेवाचं नाई."

जुनं म्हणजे काय, हे कोणाला कळलं नाही. मला 'डेटा प्रमुख' अशी पाटी मिळाली. काम तेच, टेबल तेच, पंखाही तोच, आवाज करणारा. आठवड्याभराने भाऊ म्हणाले, "नव्वद टक्के कंपनी एआय झाली."

आकडा म्हटला की माझा जीव अडकतो. मी विचारलं, "कशाचे नव्वद?"

"कशाचे म्हंजे? शंभराचे."

पहिलं मोठं काम निघालं ते फोनचं. यापुढे अडत्यांचे फोन जवाईबापू घेणार. पण त्यांना वऱ्हाडी यायला हवी. म्हणून कुसुमताईंच्या फोनांचं एका हंगामाचं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलं. यात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. कुसुमताई फोनवर फक्त प्रोग्राम दुरुस्त करत नाहीत, सोयरिकीही जुळवतात. सगळे अडते ओळखीचे, प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी लग्नाचं. पट्टी निघेपर्यंत दोन मिनिटं जातात, तेवढ्यात एक स्थळ सांगून होतं.

तिसऱ्याच दिवशी मालेगावचे एक अडते लग्नाची मुलगी असलेल्या आपल्या मेहुण्याला घेऊन ऑफिसात हजर झाले. त्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं की तुरीचा साठा का जुळत नाही. यंत्राने बाईच्या गोड आवाजात सांगितलं होतं, "मुलगा बी.एस्सी. ॲग्री आहे, निर्व्यसनी आहे, आठ एकर ओलिताची शेती आहे. बिलाचा नंबर सांगता का?"

"साठ्याचं पाहू मंग," अडते म्हणाले. "पोराचा पत्ता द्या."

असा मुलगा नव्हताच. एकाचं शिक्षण, दुसऱ्याची शेती आणि तिसऱ्याचा स्वभाव घेऊन यंत्राने तो तयार केला होता. मी हे भाऊंना समजावलं. ते ऐकेनात.

"जवाईबापू बोलले म्हंजे पोरगा असनच. कुसुम, हुडक त्याले."

कुसुमताई म्हणाल्या, "भाऊ, इतका चांगला पोरगा असता तर मी माह्या भाचीले नसता का पायला?"

मेहुणे मात्र खट्टू होऊन गेले. पुढे महिनाभर ते फोन करून विचारत, पोरगं सापडलं का.

एवढं होऊनही भाऊंची श्रद्धा ढळली नाही. चूक झाली की ते म्हणत, "नवे हायेत घरात. शिकतीन." आणि खरंच, यंत्र शिकत होतं. त्याला शिकवत होत्या कुसुमताईच. यंत्राला न समजलेला फोन त्यांच्याकडे येई, त्या तो निस्तरत, आणि मग यंत्राला नीट उत्तर सांगून ठेवत. आपण आपल्याच खुर्चीचे खिळे उपसतो आहोत हे त्यांना कळत होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

एक दिवस भाऊंनी सगळ्यांसमोर जवाईबापूंना लिहून विचारलं, "आमच्या कुसुमताईबाबत पुढे काय करावे, कृपया सांगावे." उत्तर लांबलचक आलं. भाऊ मोठ्याने वाचत गेले. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला, पण थांबता येईना. तीन महिने पाहावं, असं उत्तर होतं. माणसापर्यंत जाणारे फोन दिवसाला सरासरी दहाच्या खाली गेले तर ते पद ठेवण्याची गरज नाही.

कुसुमताई समोरच उभ्या होत्या. त्यांच्या घरात पगार एकच येतो, त्यांचा.

मी म्हणालो, "भाऊ, हा सल्ला आहे. मालक तुम्ही आहात."

"इचारलं आपुन, त्याइनं सांगतलं. आता बोलाचा मान ठेवा लागन," भाऊ म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

कुसुमताई मला म्हणाल्या, "दिवानजी, आकडा तुमीच काढसान ना? मंग बरोबर काढजा. उगा माह्यासाठी वाढवू नका."

आकडा मीच काढत होतो, रोज संध्याकाळी. पहिल्या महिन्यात सरासरी पंचवीस होती, दुसऱ्यात सोळा. तिसऱ्यात ती दहाच्या खाली जाणार हे सरळ दिसत होतं. ती जाईना. अकरा, बारा, अकरा. यंत्र दिवसेंदिवस हुशार होत होतं आणि त्याला न समजणारे फोन मात्र कमी होत नव्हते. हे गणित मला सुटेना. मी बेरजा पुन्हा तपासल्या. बरोबर होत्या.

भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "गिऱ्हाईकच येडं झालं बे. जवाईबापू काय करतीन?" आणि लगेच दुसरा विषय काढला. भाऊ विषय सहसा बदलत नाहीत.

एका दुपारी वीज गेली. जनरेटरमध्ये डिझेल किती आहे ते पाहायला मी ऑफिसच्या मागे गेलो. तिथे, भिंतीच्या सावलीत, एका पालथ्या डब्यावर भाऊ बसले होते. पाठ माझ्याकडे. तोंडात सुपारी भरलेली, फोनवर रुमाल धरलेला.

"हॅलो, मी मेडशीवून बोलून राह्यलो," ते घोगऱ्या आवाजात म्हणत होते. "सोयाबीन इकलं बुढ्यानं, पट्टी पाय्जे पोराले, अन् सही केली त्याच्या सायानं, बायकोच्या भावानं. तो तं आता सुरतले गेला. मंग पट्टी कोनाच्या नावानं काढू?"

फोनमधून गोड आवाज आला, "क्षमा करा, मला समजलं नाही. मी आपल्याला आमच्या प्रतिनिधीशी जोडते."

भाऊंनी "आभारी हाय वो" म्हटलं आणि थांबले.

ज्याला ते जगात एकट्यालाच अहो म्हणतात, त्याला ते रोज बसून फसवत होते. मी पाय न वाजवता मागे फिरलो. डिझेल पाहायचं राहिलंच.

फोनच्या खोलीत गेलो तर कुसुमताई बोलत होत्या. "हो दादा. बुढ्याच्याच नावानं काढा. सायाच्या सहीनं काई होत नाई." मला पाहून त्यांनी फोनवर हात ठेवला. "मेडशीचे दादा हायेत," त्या म्हणाल्या. "रोजच्या रोज काई ना काई अडते त्याइचं."

मी नुसती मान हलवली. त्यांनी हात काढला.

"बाकी काय, दादा? जेवले का?"

वीज नव्हती, पंखा बंद होता, म्हणून मागची खिडकी उघडी होती. उत्तर आधी खिडकीतून ऐकू आलं आणि मग फोनमधून.

"नाई जेवलो. डबा हाय. पन एकट्यानं घास उतरत नाई वो."

तो घोगरा आवाज नव्हता. भाऊंचा नेहमीचाच होता. सुपारी थुंकली असावी. आमच्या वहिनी, भाऊंच्या पत्नी, वारल्या तेव्हापासून भाऊ दुपारी कुठे जेवतात, हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

कुसुमताई उठल्या. फोन कानाला तसाच धरून त्या खिडकीपाशी गेल्या, बाहेर न पाहता तिचं दार हळूच ओढून घेतलं, कडी लावली आणि परत येऊन बसल्या.

"खोला डबा," त्या म्हणाल्या. "मी हाय फोनवर."