उडी जड आहे

‘उडाणटप्पू : भाग दोन’ हा हातात धरून खेळायचा जुना गेम पुन्हा बाजारात आणायचं कंपनीने ठरवलं, तेव्हा त्याबद्दल लोकांचं मत काय आहे हे शोधायची गरजच नव्हती. मत एकच होतं आणि ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. पहिला भाग म्हणजे सोनं, दुसऱ्याची उडी जड. याहून अधिक काही ठाऊक असलेला माणूस जाणकारांच्या बैठकीत अडाणी समजला जाई, आणि तसे अडाणी आता फारसे उरलेही नव्हते.

तरीही लोकशाही म्हणून काही असतं. कंपनीने रीतसर मतसंकलन विभाग काढला, त्याला मतप्रमुख बाई नेमल्या, आणि ‘आपले मत मोलाचे आहे’ असं सगळीकडे जाहीर केलं. मत देण्यासाठी गेम खेळलेला असणं बंधनकारक नव्हतं. तशी अट घातली असती तर विभाग पहिल्याच आठवड्यात बंद पडला असता.

आता या सगळ्या गडबडीत एक गोष्ट कंपनीच्या ध्यानात आली नाही. ज्या माणसाने ती उडी बनवली तो अजून जिवंत होता.

घरात आणि बिल्डिंगमध्ये त्यांना उडीवाले म्हणत. तरुणपणी त्यांनी त्या गेममधली उडी तेवढी लिहिली होती. पाठीवर गाठोडं टाकलेला तो बुटका उडाणटप्पू जमिनीवरून किती सुटतो, किती वर जातो, कसा उतरतो, हे त्यांचं काम. पुढची सगळी नोकरी गोदामातला माल मोजणारे प्रोग्रॅम लिहिण्यात गेली आणि त्याबद्दल त्यांना ना खंत होती ना अभिमान. अभिमान होता तो फक्त उडीचा.

त्याला कारणही तसंच होतं. लेक लहान असताना पलंगावरून गादीवर उड्या मारायची आणि दर वेळी कुरकुरायची, “बाबा, वर गेल्यावर जरा थांबता का येत नाही?” बाबांना पलंगाचं काही करता येईना, म्हणून त्यांनी गेममध्ये सोय केली. उडाणटप्पू वर टोकाला गेला की निमिषभर थांबायचा, पाय हलवायचा, मग खाली यायचा. लेक सोफ्यावर पालथी पडून खेळायची आणि तो वर थांबला की स्वतःचा श्वास रोखून धरायची. एवढीच त्यांची कमाई, पण ती त्यांना राजवाड्यासारखी वाटे.

“अहो, ऐकलंत का,” बायको मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, “तुमचा उडाणटप्पू परत येतोय. म्हातारपणी बरा हात देतोय मेला.”

उडीवाले लगबगीने जवळ आले. “काय म्हणतायत?”

“उडी जड आहे म्हणतायत.”

“कोण?”

“सगळे.”

“अगं, सगळे म्हणजे कोण?”

“सगळे म्हणजे सगळे! एकटा असता तर जाऊन कान धरला असता ना.”

उडीवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी लगेच मत नोंदवलं : ‘उडी हलकी आहे. वर निमिषभर थांबते. मी स्वतः बनवली आहे.’ उत्तर तत्काळ आलं : ‘आपले मत उपलब्ध मतांशी विसंगत असल्याने ते मत म्हणून ग्राह्य धरता येत नाही. आपण गेमची पुरेशी माहिती घेऊन पुन्हा प्रयत्न करावा. माहितीसाठी इतरांची मते वाचावीत.’

“जाऊ द्या हो,” बायको म्हणाली. “कशाला लष्करच्या भाकऱ्या भाजता?”

“लष्करच्या? अगं, ही भाकरी माझी आहे!” असं म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि थेट कंपनीच्या ऑफिसात जाऊन धडकले.

ऑफिसात खुर्च्या नव्हत्या, बसलं की जमिनीला टेकवणाऱ्या मऊ पिशव्या होत्या. भिंतीवर हातभर अक्षरांत ‘तुम्ही बोला, आम्ही ऐकतो’ लिहिलं होतं. मतप्रमुख बाई मोठ्या प्रेमळ होत्या. मराठीत ज्याला जिभेवर साखर म्हणतात, तसलं त्यांचं बोलणं.

“काका, तुम्ही बनवलीत म्हणजे तुम्ही हितसंबंधी झालात. तुमचं मत कसं धरणार, सांगा बरं.”

पिशवीत रुतलेले उडीवाले हात टेकून सरळ झाले. “मग खेळलेल्यांचं धरा.”

“त्यांच्याएवढा त्रास कुणाचाच नाही! एकाला तळघर आवडतं, दुसऱ्याला वटवाघळं नकोत, तिसरा म्हणतो संगीत बरं होतं. नुसता गोंधळ. न खेळलेल्यांमध्ये जी एकी आहे ना काका, ती तुम्हाला घरातल्या माणसांतसुद्धा सापडायची नाही.”

“पण हे मत आलं कुठून?”

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी उडीवाल्यांना पिशवीतून ओढून बाहेर काढलं आणि दारापाशी काचेच्या पेटीसमोर नेलं. पेटीत मखमलीवर एक जुनं, पिवळट पडलेलं गेमयंत्र होतं. खाली पाटी : ‘याच यंत्रावर पहिले मत तयार झाले.’ आणि शेजारी पहिले मत तयार करणारे गृहस्थ स्वतः उभे होते, कारण कंपनीने त्यांना सल्लागार नेमलं होतं. सगळे त्यांना आद्य मतकार म्हणत. तरुणपणी एका मासिकात त्यांनी ‘उडी जड आहे’ एवढं एकच वाक्य लिहिलं होतं आणि त्यानंतर दुसरं लिहिण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्याच वाक्यावर व्याख्यानं झाली, परिसंवाद झाले, दोन मजली घर झालं.

“जड उडी माणसाला स्वतःच्या वजनाची आठवण देते,” आद्य मतकार म्हणाले. हे ते सगळ्यांनाच म्हणत.

“मी जरा दाबून बघू का?” उडीवाल्यांनी विचारलं.

निर्मात्याचा हात आणि ऐतिहासिक यंत्र असा फोटो चांगला येईल, म्हणून पेटी उघडली गेली. उडीवाल्यांनी उडीचं बटण दाबलं. बटण आत गेलं आणि आतच बसलं. बऱ्याच वेळाने ‘चप्प’ असा आवाज करून नाइलाजाने वर आलं.

“यावर काही सांडलं होतं?”

“चहा,” आद्य मतकार सहज म्हणाले. “मत लिहायला बसलो त्याच संध्याकाळी. साखर जरा जास्तच पडली होती.”

“अहो, मग उडी कशी जड? बटण चिकटलंय तुमचं!”

सगळ्यांनी बटणाकडे वाकून पाहिलं. उडीवाल्यांना वाटलं, सुटलो एकदाचे. मतप्रमुख बाईंनी हळूच पेन काढलं.

“काका, हे फार मोलाचं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मूळ अनुभवात चिकटपणासुद्धा होता. तो आपल्या नव्या आवृत्तीत यायलाच हवा.”

“आणि त्या साखरेचा उल्लेख पाटीवर करा,” आद्य मतकार म्हणाले.

उडीवाल्यांनी कपाळावर हात मारला. बाईंनी त्यांना शांतपणे समजावलं. ग्राहकाला उडी जड म्हणून आठवते. त्याला हलकी दिली तर तो म्हणेल, फसवलं. त्याच्या आठवणीचा मान राखायचा तर उडी जड करणं भाग आहे, आणि तो जुना प्रोग्रॅम कळणारा माणूस जगात एकच उरलाय.

“मी? माझ्या उडीला मीच धोंडा बांधू?”

“तुम्ही नाही बांधलात तर दुसरं कुणी बांधेल. तो नवखा असेल. तुमचा तो वरचा थांबा कसला आहे ते त्याला कळणार नाही, चूक समजून काढून टाकेल बिचारा.”

बरोबर दुखरी जागा पकडली बाईंनी. उडीवाल्यांनी मनाशी हिशेब मांडला : थोडं वजन घालू, थांबा वाचवू. सगळ्या भल्या माणसांचा घात असल्याच हिशेबाने होतो, हे आम्ही त्यांना सांगितलं असतं, पण आमचं कोण ऐकतं.

त्यांनी उडीत चिमूटभर वजन घातलं. नमुना जाणकारांकडे गेला. मत आलं : ‘जडपणा आहे, पण मनापासून नाही.’ त्यांनी आणखी घातलं. मत आलं : ‘हा आजकालचा जडपणा. आमच्या वेळचा जडपणा वेगळाच होता.’ ते आणखी घालत गेले. उडाणटप्पू आधी पायरी चढेना, मग दगड ओलांडेना. शेवटी तो वीतभर उडायचा, तिथे निमिषभर थांबायचा, पाय हलवायचा आणि धप्पकन बसायचा. उडीवाले म्हणायचे, वीतभर का होईना, थांबतोय ना!

मग त्यावरही बैठक झाली.

“तो थांबतो, म्हणजे हवेत आहे,” आद्य मतकारांनी मुद्दा मांडला. “हवेत आहे, म्हणजे हलका आहे. हे आपल्या मताच्या विरोधात जातंय.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. उडीवाल्यांनी लेकीची गोष्ट सांगितली, पलंगाची, गादीची, रोखलेल्या श्वासाची. मतप्रमुख बाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. डोळे पुसून त्यांनी थांबा काढायला सांगितला. उडीवाल्यांनी काढला. त्या दिवशी ते घरी आले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले.

नव्या आवृत्तीत उडाणटप्पू उडतच नव्हता. बटण दाबलं की गुडघे वाकवायचा, कण्हायचा आणि पहिल्या खड्ड्याच्या काठावर उभा राहायचा. जाणकार गहिवरले. ‘अखेर आपला खरा गेम परत मिळाला!’ गेमचे डबे हातोहात खपले. खड्डा कुणालाच ओलांडता येत नाही अशी तक्रार मात्र आली नाही, कारण बहुतेकांनी डबा उघडलाच नव्हता. उघडला की पुढे विकताना किंमत उतरते. आद्य मतकारांना शाल मिळाली, आणि उडीवाल्यांचं नाव गेमच्या शेवटी ‘जडत्व-सहायक’ म्हणून आलं. तो शेवट खड्ड्याच्या पलीकडे होता.

रात्रीची जेवणं व्हायच्या आत लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरीला होती.

“बाबा, अभिनंदन! माझ्या लहानपणीचा गेम! मी लग्गेच मत टाकलं.”

“काय टाकलंस?” उडीवाल्यांनी जपून विचारलं.

“उडी जड होती, पण त्यातच मजा होती. शेकडो लोकांना आवडलंय.”

“अगं, तू सोफ्यावर पालथी पडून खेळायचीस. तो वर थांबला की श्वास रोखायचीस.”

“मी?” ती हसली. “असेन हो. लहान होते ना. पण जडच होती बाबा, सगळेच म्हणतात.”

फोन ठेवून उडीवाले उठले. कपाटाच्या तळाशी लेकीचं जुनं यंत्र होतं, तिच्या चिकटचित्रांसकट. त्यांनी नव्या बॅटऱ्या घातल्या, कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली, परत बसवली. उडाणटप्पू गाठोडं सावरत उभा राहिला. उडीवाल्यांनी बटण दाबलं. तो वर गेला, थांबला, पाय हलवले, खाली आला.

“मग? हलकी आहे ना?” बायकोने मागून विचारलं.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं.

“नाही गं,” ते शेवटी म्हणाले. “किंचित जडच आहे.”

तुम्हाला आता त्यांची कीव आली असेल, आणि त्या मतकारांचा रागही. साहजिक आहे. तुम्ही काही असलं मेंढरू नव्हे. पण एक विचारू का? तुम्ही हा गेम कधी पाहिलेला नाही. त्याच्या बटणाला तुमचा अंगठा लागलेला नाही. आणि तरी इतका वेळ तुम्ही छातीठोकपणे धरून चालला आहात की उडी हलकीच होती. कुणी सांगितलं तुम्हाला?

आम्ही सांगितलं. आणि आम्ही तरी तो कुठे खेळलोय!