जसमतभाईंच्या वेल्डिंगचा मुहूर्त

जसमतभाईंनी वेल्डिंगचं नवं मशीन राजकोटहून बसमध्ये मांडीवर घेऊन आणलं. शेजारच्या बाईनं "बाजाची पेटी का हो?" असं विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडला. पण लगेच सावरून, हे इन्व्हर्टरवालं, नव्या जमान्याचं मशीन आहे, यात तेल नाही की वजन नाही, असं ते तिला गोंडलपर्यंत समजावत राहिले. बाई गोंडलला उतरली. तिला खरं तर पुढं जायचं असावं, असं जसमतभाईंना उगाचच वाटत राहिलं.

"हे आणि कशाला?" लाभुबेननी दारातच विचारलं.

"हिंचका जोडायला," जसमतभाई ओसरीतल्या झोपाळ्याकडं बोट दाखवत म्हणाले.

"एक कडं तुटलंय हिंचक्याचं. तेवढ्यासाठी मशीन? भिंतीपलीकडं जेठजी बसलेत, त्यांनी चहा निवायच्या आत लावून दिलं असतं."

"त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही."

भिंतीपलीकडचा माणूस म्हणजे जसमतभाईंचे सख्खे थोरले भाऊ, वशरामभाई. दोघांचा मिळून हायवेवर कारखाना होता. वशरामभाई वेल्डिंग करायचे, जसमतभाई गिऱ्हाइकं आणायचे. पुढं वाटण्या झाल्या. घर वाटलं, शेत वाटलं, फळियात, म्हणजे अंगणात, मधोमध भिंत घातली आणि शेवटी वासराएवढं ते वेल्डिंगचं तेलाचं जुनं मशीन उरलं. "मला द्या," असं जसमतभाई हळूच म्हणाले. त्यावर वशरामभाई साऱ्या नातेवाइकांदेखत म्हणाले, "मशीन नेऊन करणार काय तू? त्यावर चड्ड्या वाळत घालशील?"

सगळे पोट धरून हसले. जसमतभाई हसले नाहीत. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही. लग्नात दोघं वेगवेगळ्या पंगतीला बसायचे आणि एकमेकांच्या ताटात लाडू किती पडले ते मात्र बरोबर बघायचे. तेव्हा हिंचका हे निमित्त होतं. आपल्याला वेल्डिंग करताना वशरामभाईंनी एकदा बघावं, आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

रविवारी सकाळी मुहूर्त ठरला. मशीन पाटावर ठेवून लाभुबेननी त्यावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, हार घातला, नारळ फोडला. गल्लीतल्या सगळ्यांना गाठिया आणि चहाचं आवतण होतं. ते आवतण जसमतभाईंनी फळियात उभं राहून, भिंतीकडं तोंड करून, मोठ्यांदा दिलं. भिंतीपलीकडं रेडिओचा आवाज वाढला. बाकी काही नाही.

वेल्डिंगची पहिलीच कांडी कड्याला टेकली आणि तिथंच चिकटली. जसमतभाईंनी ओढली तर कांडीबरोबर अख्खा हिंचका पुढं आला. सोडली तर मागं गेला. पुन्हा ओढली.

"हिंचका चालू झाला की, जसमतभाई," गल्लीतले परसोत्तम मास्तर गाठिया चघळत म्हणाले. "न जोडताच."

पुढच्या कांडीला मात्र ठिणगी पडली आणि निळापांढरा लखलखाट झाला. बायका "ओ मा" म्हणून मागं सरल्या आणि पुन्हा पुढं आल्या. खोक्यातून काळ्या काचेचा मुखवटा आला होता. परसोत्तम मास्तर म्हणाले, "जरा बघू बरं, कसं दिसतं." त्यांनी बघितलं. मग त्यांच्या बायकोनं बघितलं. मग सगळ्यांनाच बघायचं होतं. आता पाहुण्यानं मागितलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं? मुखवटा गाठियाच्या ताटलीसारखा हातोहात फिरत राहिला. यजमान डोळे किलकिले करून काम करत होते. ज्यांची पाळी यायची होती ते तसेच उघड्या डोळ्यांनी बघत होते.

"डोळ्यांना काही होणार तर नाही ना?" कुणीतरी विचारलं.

"दिवाळीत अनार बघता तेव्हा काय होतं?" मास्तर म्हणाले. मास्तरच म्हणाले म्हटल्यावर प्रश्न मिटला.

दोनदा चहा झाला तेव्हा कुठं कड्यावर लिंबाएवढा लोखंडाचा गोळा जमला. जसमतभाई हिंचक्यावर बसले. हिंचक्यानं त्यांना धरलं. टाळ्या पडल्या. जसमतभाईंनी टाळ्यांमधूनच उठून, टाचा उंचावून भिंतीवरून पलीकडं पाहिलं. तिथली खाट रिकामी होती आणि घराचं दार बंद. गल्लीतली पोरंबाळं, म्हातारेकोतारे सगळ्यांनी बघितलं, आणि ज्याच्यासाठी केलं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. जसमतभाईंच्या तोंडची चवच गेली.

दुपार कलली आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. आधी जसमतभाईंच्या, मग लाभुबेनच्या. तेवढ्यात परसोत्तम मास्तर डोळे पुसत आले.

"जसमतभाई, काय केलंत हो हे? घरात आम्ही दोघं समोरासमोर बसून रडतोय. लग्नानंतर पहिल्यांदाच एकमत झालंय."

दिवेलागणीपर्यंत सगळी गल्ली ओसरीत गोळा झाली. उजेड सोसवेना म्हणून दिवे मालवले. बायकांनी पदर तोंडावर ओढले, पुरुषांनी डोक्यावरून पांढरे पंचे घेतले. किसलेला बटाटा डोळ्यांवर ठेवला की आराम पडतो, असं कुणीतरी सांगितलं आणि गल्लीतला बटाटा संपला. यजमान म्हणून पहिला मान जसमतभाईंचा. लाभुबेननी त्यांना ओसरीतल्या खाटेवर आडवं केलं, डोळ्यांवर बटाटा थापला, वर पांढरं फडकं टाकलं आणि बजावलं, "आता तोंडातून शब्द काढायचा नाही आणि हलायचं नाही." जसमतभाईंना गार वाटलं आणि डुलकी लागली.

नेमक्या त्याच वेळी कडवीफई छकडा रिक्षातून उतरल्या. कडवीफई म्हणजे दोघा भावांची आत्या. शेंगांची गोणी द्यायला आल्या होत्या. दारात येऊन बघतात तो घरात अंधार, सगळी गल्ली मुंडकी झाकून मुसमुसतेय आणि मधोमध जसमत तोंडावर पांढरं घेऊन आडवा. फईंच्या हातून गोणी सुटली.

"कसं झालं हे?"

"वेल्डिंगनं, फईबा," मास्तर नाक ओढत म्हणाले.

"हाय रे देवा, करंट लागला," म्हणून फईंनी जो हंबरडा फोडला तो थेट वेशीपर्यंत गेला. कडवीफई एकदा रडायला लागल्या की मधे कुणाची बोलायची टाप नसे. मेलेल्याचे गुण सूर लावून सांगण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हतं. जसमत किती गुणाचा, जसमत किती देखणा, जसमतनं कशी कधी मुंगी मारली नाही. लाभुबेन "अहो फई, अहो फई" करत राहिल्या. फईंनी त्यांनाच छातीशी धरून दाबून टाकलं.

या गोंधळानं जसमतभाई जागे झाले. आपण इतके देखणे होतो हे ऐकून त्यांना क्षणभर बरं वाटलं. आता उठावं, असा विचार करतायत तोच ओसरीत एकदम शांतता झाली. पायरीवर चपला वाजल्या. त्या चपलांचा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. वशरामभाई आले होते.

खाटेची कड दबली.

"जसमत," वशरामभाई म्हणाले. "एवढ्यासाठी रुसलास होय रे? मशीन हवं होतं तर भिंतीवरून एक हाक मारायचीस. मी काय ते उरावर बांधून नेणार होतो?" त्यांनी बाहीनं नाक पुसलं. "चारचौघांत तसं बोलायला नको होतं मी. तोंडातून गेलं आणि मग मागं घेता येईना."

बटाट्याचं पाणी जसमतभाईंच्या कानात शिरत होतं. उठायला हवं होतं. पण हेच ऐकायला त्यांचा जीव इतके दिवस आसुसला होता, म्हणून ते तसेच पडून राहिले. वशरामभाईंनी कपाळावर हात ठेवला.

"अंग तर गरम आहे याचं," असं म्हणून त्यांनी फडकं उचललं.

"जय श्रीकृष्ण, मोटाभाई," जसमतभाई बटाट्याखालून म्हणाले.

पुन्हा लावायला घेतलेला फईंचा सूर मधेच तुटला. "मेला नव्हतास तर सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही सांगू कुठं दिलंत, फई?"

वशरामभाई ताडकन उठले. इतका वेळ जे बोललो ते जिवंत माणसानं ऐकलं, हे काही त्यांना झेपलं नाही. ते पायरीकडं वळले. फईंनी मोबाइलचा उजेड त्यांच्या तोंडावर पाडला आणि जसमतभाईंनी डोळ्यांवरचा बटाटा हातात घेऊन किलकिल्या डोळ्यांनी बघितलं. वशरामभाईंचा डावा डोळा टोमॅटोसारखा लाल झाला होता, सुजला होता, त्यातून धार लागली होती. उजवा चांगला ठणठणीत आणि कोरडा होता.

"थांबा, मोटाभाई," जसमतभाई उठून बसले. "माझ्यासाठी एकाच डोळ्यानं रडलात?"

"धूळ गेलीय."

लाभुबेन जेठांशी कधी समोरासमोर बोलत नसत. त्यांनी पदर आणखी पुढं ओढला आणि खांबाकडं बघून म्हणाल्या, "विचारा जरा, भिंतीला भोक कुठं आहे."

"नळाच्या पाइपाशेजारी," वशरामभाई बोलून गेले.

मास्तरांनी पंच्यातून डोकं बाहेर काढलं.

"सारा जन्म वेल्डिंग केलं, डोळे कधी आले नव्हते," वशरामभाई जमिनीकडं बघत म्हणाले. "म्हटलं, एकदाच बघू आणि सोडून देऊ. पण तू असं काही करत होतास की नजर हटेना."

"चांगलं करत होतो?" जसमतभाईंनी हळूच विचारलं.

वशरामभाई हिंचक्यापाशी गेले. तो लिंबाएवढा गोळा त्यांनी अंधारात बोटांनी चाचपला.

"इतकं घाणेरडं वेल्डिंग मी जन्मात बघितलं नाही," ते म्हणाले. मग सगळं अंग टाकून हिंचक्यावर बसले आणि पायानं हलकासा झोका दिला. "पण धरलंय."

हातातला बटाटा जसमतभाईंनी घट्ट पिळला आणि भावाच्या डाव्या डोळ्यावर स्वतःच्या हातानं थापला. वशरामभाईंनी झोका थांबवला. थोड्या वेळानं त्यांच्या उजव्या डोळ्यातूनही पाणी यायला लागलं. त्या डोळ्यानं तर सकाळी काहीच बघितलं नव्हतं.